उघडं चाक, झाकलं चाक

वैशाखाचं ऊन तापलं आणि निंबाला झोके बांधले गेले की समजावं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. लेकी माहेरी येतात, गल्लीत खापरावरच्या मांड्यांचा वास सुटतो, घरांच्या धाब्याच्या छतावर कुरडया वाळतात, आणि घराघरात मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतात. वर आंबा ठेवायचा, कुंकू लावायचं, नाव घ्यायचं. मी पण भरतो. नाव केवळबाईचं घेतो. ती माझी बायको. पण हात जोडले की डोळ्यापुढं तिचं तोंड येत नाही, सुकलालचं येतं. तो जिवंत आहे. साक्री-धुळे रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो, पान खातो, मोठ्यानं हसतो. मेलेलीच्या घागरीत जिवंत माणसाचं तोंड दिसावं आणि ते तिथंच दाबून धरावंसं वाटावं, असा माझा सण चालतो.

कोणाला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. राग आहे. डोकं फिरलेला माणूस जेवायचं विसरतो. मी वेळेवर जेवतो.

यंदा लेक संगीता आली, जावई दिनेश आला. तो नरडाण्याला कारखान्यात आहे. दुपारी बाहेर पाय ठेवण्यासारखं ऊन नव्हतं. आमरस अंमळ जास्तच झाला होता, भिंतीला टेकून आम्ही बसलो, आणि जावयानं टीव्हीवर मोटारींच्या शर्यती लावल्या. परदेशातल्या. पहिल्यांदा ज्या गाड्या दाखवल्या त्या झुरळासारख्या चपट्या, जमिनीला चिकटलेल्या, आणि चारी चाकं अंगाबाहेर. वर पत्रा नाही, मडगार्ड नाही.

"नाना, हे बघा," दिनेश म्हणाला. "ह्यांची चाकं उघडी असतात. चाकाला चाक लागलं की गाडी हवेत गेलीच समजा."

मग त्यानं दुसरी शर्यत लावली. ह्या गाड्या रस्त्यावर दिसतात तशाच, दारं-बॉनेट सगळं असलेल्या, अंगभर जाहिराती चिकटवलेल्या. गोल रिंगणात झुंडीनं पळत होत्या. एकमेकीला घासत होत्या, मागून ढुशी देत होत्या. एकीचा पत्रा फाटून लोंबत होता तरी ती पळतच होती.

"ह्यांना काय येतं? नुसती धक्काबुक्की," जावई म्हणाला. "खरा ड्रायव्हर तो पहिला."

"जावईबापू, तुम्ही कधी काळी-पिवळी हाकली का?"

"नाही."

"छकडा?"

"नाही बुवा."

"मग रस घ्या अजून."

संगीता स्वयंपाकघरातून हसली. "अहो, त्यांच्यापुढं कुठं बोलता? आमचे नाना दोन्ही हाकून बसलेत."

खरंच हाकून बसलोय. तरुणपणी शर्यतीचा छकडा, आणि नंतर अर्धं आयुष्य जीप. शाळा चौथीपर्यंत झाली, पण चाकाचं मला कळतं.

शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं, त्यांना जोडणारा एक आख आणि त्याच्यावर बसायला नावापुरती फळी. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं झालेलं काळं रान, त्याच्या भेगांतून येणारी गरम वाफ, बैलांच्या तोंडाचा फेस उडून आपल्या छातीवर येतोय, आणि हातात कासरा. आखाचं टोक चाकाच्या बाहेर वीतभर निघालेलं असतं. ते टोक शेजारच्याच्या चाकात गेलं तर त्याचं चाक गेलं, तो गेला, बऱ्याचदा आपणही गेलो. चाकाकडं बघायला वेळ नसतो. ते पाठीनं कळावं लागतं. शेजारचं चाक जवळ आलं की माझ्या कानामागं गार वाटायचं, आणि डोक्याला कळायच्या आत हात कासरा ओढून मोकळा व्हायचा. ही भीतीच असते. पण वर्षानुवर्षं हाकली की ती डोक्यातून उतरून मनगटात जाऊन बसते, आणि लोक तिला कसब म्हणतात.

लग्न झाल्यावर पहिल्या आखाजीला केवळबाई शर्यत बघायला आली होती. मी त्या दिवशी हरलो. घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, "तुम्ही पुढं जायला पळता का दुसऱ्याला वाट द्यायला?" मी ताट सरकवलं. तिनं ते परत पुढं सरकवलं. "जेवा. विचारलं फक्त."

जीपचं तसं नाही. जीपला अंग असतं. पत्रा चूक पोटात घालतो. घासलं तर रंग जातो, ठोकलं तर पोचा पडतो, छकड्यासारखं सुताराकडं जावं लागत नाही, हातोड्यानं निघतं. आखाजीच्या दिवसांत तर स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या सासुरवाशिणी निघालेल्या, प्रत्येकीची पिशवी, डबा, कडेवर पोर. पुढच्या थांब्यावर जो आधी पोचेल त्याची गाडी भरते. त्या रस्त्यावर जी शर्यत चालते तिला कोणी झेंडी दाखवत नाही एवढंच.

त्यात सुकलाल राजा होता. त्याचं कौतुक करताना माझी जीभ जळते, पण मी खोटं लिहायला बसलेलो नाही. समोरच्या गाडीच्या बरोबरीनं यायचा, खांद्याला खांदा लावावा तसा पत्र्याला पत्रा लावायचा, आणि हळूच दाबायचा. आरसा फुटत नसे, नुसती रंगाची रेघ उठे. दुसरा घाबरून कच्च्यात उतरला की हा हॉर्न मारत पुढं. मोठ्या ट्रकच्या मागं असा चिकटून जायचा की वारा लागत नसे आणि डिझेल वाचे. टीव्हीवरचे ते झाकल्या चाकांचे ड्रायव्हर अगदी हेच करत होते. किती दाबलं म्हणजे समोरचा हटेल आणि मोडणार नाही, हे ओळखायला डोळा लागतो. तो डोळा त्याला होता. मला नव्हता. मी दहा हात लांबून जायचो, आणि माझी गाडी शेवटी भरायची.

"म्हणजे दोन्ही सारखेच म्हणा की," माझं ऐकून दिनेश म्हणाला.

"सारखे कसे? झाकल्या चाकाचा माणूस दुसऱ्याच्या भीतीवर चालतो. उघड्या चाकाचा स्वतःच्या."

टीव्हीवर एक गाडी दुसरीला ढकलत होती. मी म्हटलं, बंद करा ते.

केवळबाई गेली त्या आखाजीला तिला न्यायला तिचा भाऊ आत्माराम आला होता. न्यायला येणाऱ्याला आमच्याकडं मुऱ्हाळी म्हणतात. माझी स्वतःची जीप दारात उभी. मी म्हटलं, मी सोडतो की दोघांना. तर केवळबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "नवरा सोडायला आला म्हणजे काय दिसतं माहीत आहे का? बाई परत आणून टाकली असं दिसतं. भाऊ ज्या गाडीत बसवील त्या गाडीत मी बसेन." पहिल्या आखाजीपासून तिची हीच रीत. केस पांढरे झाले, नातू झाला, रीत काही बदलली नाही. आणि आत्मारामनं तिला बसवलं सुकलालच्या गाडीत, कारण नंबर त्याचा होता. माझा नंबर त्याच्या मागचा. मी माझ्या स्टेअरिंगवर बसून बघत होतो.

ती मागच्या बाकावर, दाराशी बसली. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. मी उतरून गेलो, म्हटलं, "दांडी घट्ट धर."

"तुमच्या गाडीत झोप लागते," ती म्हणाली. "हिच्यात जरा वारा तरी लागेल."

शेजारच्या बाया हसल्या. ती पण हसली. मला तिचं हसलेलं तोंड शेवटचं दिसलं ते असं, दुसऱ्याच्या गाडीत.

नेरच्या अलीकडं सुकलालनं एका जीपला बाजूनं गाठलं आणि दाबलं. ह्या वेळी समोरचा हटला नाही. तोही आखाजीच्या कमाईचा भुकेला होता. दोन्ही गाड्या घासल्या, सुकलालची गाडी हिसका खाऊन बाजूला गेली, मागच्या दाराची कडी निघाली, आणि केवळबाई रस्त्यावर पडली. आत्माराम पुढं बसला होता, त्यानं सगळं पाहिलं. धावत गेला तेव्हा तिच्या मुठीत लोखंडी दांडी होती. स्क्रूसकट उपटून आलेली. मी धर म्हटलं होतं, तिनं धरली होती. धुळ्याला पोचेपर्यंत ती गेली.

सुकलालनं पोलिसांना सांगितलं, बाईला चक्कर आली. आत्मारामनं खरं सांगितलं, पण तो सख्खा भाऊ पडला. बाकीच्यांनी, आम्ही पुढं बघत होतो, म्हणून सांगितलं. त्यांना रोज त्याच गाडीत बसायचं होतं. कागद झाले, फिरले, आणि कुठं गेले ते मला कळलं नाही. गावात मात्र ते एक वाक्य राहिलं. चक्कर आली. दिवसकार्याला आलेली माणसं मला विचारत होती, "नाना, उपाशी निघाली होती का हो?" माझ्या घरातून माझी बायको उपाशी निघाली! त्यानं तिला मारलं आणि वर तिच्याच अंगावर ढकललं. आणि थोडं माझ्याही. हे मी गिळू शकत नाही. मेलेलं माणूस देवानं नेलं म्हणून रडता येतं. पण खोटं लावलेलं माणूस रोज उठून परत पडतं.

मी जीप विकली. मग नुसता बसलो. बसल्या बसल्या काय काय मनात येई ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या ब्रेकचं तेल सोडावं, चाकाचे नट ढिले करावेत. मला ते डोळे मिटून करता येतं. स्टँडवर त्याची गाडी उभी असे, तो पानाच्या ठेल्यावर, आणि मी तिच्या चाकाकडं बघत झाडाखाली. पण गाडीत दुसऱ्यांच्या बायका बसतात. कोणाच्या मांडीवर डबा असतो. हात पुढं होत नसे. सुकलाल मला एकटा हवा होता, आणि काळी-पिवळीवाला कधी एकटा सापडतच नाही.

यंदा सापडला.

बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठल्यापासून पुन्हा रानं सारवल्यासारखी साफ होऊ लागली आहेत. चाबूक चालत नाही, पोलीस उभे असतात, माईकवर एक माणूस घसा फोडत असतो. आत्मारामच्या गावात, म्हणजे केवळबाईच्या माहेरी, पांझरेकाठी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी शर्यत ठरली. संगीताला मामाकडं जायचं होतं, दिनेशला शर्यत बघायची होती. मी गेलो कारण आत्मारामनं फोनवर सांगितलं की मोठ्या जोड्यांच्या आधी गंमत म्हणून म्हाताऱ्या ड्रायव्हरांची एक फेरी आहे.

बायकांची गाडी भरून आणून सुकलाल मांडवाच्या सावलीत बसला होता. पोट सुटलंय. मला बघून उठला आणि नमस्कार केला, जसं काही मधे काही झालंच नाही.

मी सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत म्हटलं, "सुकलाल, हाकस का छकडं मनासंगे?"

"नाना, गाडी ती गाडी," तो म्हणाला. "चार चाकं हाकस तो दोनले घाबरी का?"

"तठे मडगार्ड नही रे भो."

सगळा मांडव हसला. माईकवाल्यानं ते पकडलं आणि ओरडून दोनदा सांगितलं. आता सुकलालला मागं फिरता येईना. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. गावातल्या एकानं त्याला आपली जोडी आणि छकडा दिला.

आत्माराम त्याचे बैल माझ्या छकड्याला जुंपत होता. जू बसवताना त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "नाना, तुना मनमा काय शे?"

"शर्यत शे."

"बैल मना शेतस."

"बैलले काही व्हवाव नही."

माझ्या मनात काय होतं ते आता सांगतो. रान शेवटी शेवटी निमुळतं होत होतं. एका बाजूला बांध, एका बाजूला माणसं. तिथं सुकलाल माझ्या अंगावर येणार, हे मला सूर्य उगवतो तितकं पक्कं माहीत होतं. त्याला दुसरं काही येतच नाही. तो दाबणार आणि मी कधी हटतो याची वाट बघणार. मला फक्त एक करायचं होतं, हटायचं नव्हतं. माझ्या आखाचं टोक त्याच्या चाकात जाईल, चाक मोडेल, तो खाली पडेल. कायद्यानं मी काही केलेलं नसेल. मी सरळ चाललो होतो, असंच सगळे म्हणतील. मीही पडलो असतो बहुतेक. त्याचं मला काही वाटलं नाही.

झेंडी पडली. सुकलाल वाकडातिकडा सुटला, पण त्याची जोडी तरणी होती, लगेच बरोबरीला आला. माझ्या तोंडात धूळ, दातांत माती. किती वर्षांनी कासरा धरला होता, आणि लाज वाटते सांगायला, पण चांगलं वाटलं. माणसं ओरडत होती. त्यात संगीताचा आवाज मला ओळखू आला. बांध जवळ आला. तो आला, अगदी मी म्हटलं होतं तसाच. दात दिसत होते त्याचे. जीपमधून बघतो तसं त्यानं माझ्याकडं तिरपं बघितलं, आणि बैल माझ्या अंगावर घातले. मी दात आवळले. मनात म्हटलं, ये. ये रे.

कानामागं गार वाटलं. आणि माझ्या हातानं कासरा ओढला.

मी ओढला नाही. हातानं ओढला. आत्मारामचे बैल बाजूला सरले, माझं चाक बांधाच्या मऊ मातीत चढलं, छकडा एका अंगावर कलून परत बसला, आणि सुकलाल माझ्या बाजूनं सुसाट निघून गेला. त्याचं चाक माझ्या आखापासून चार बोटं गेलं असेल. झेंडी त्यानं जिंकली. त्याच्यावर गुलाल पडला, हलगी वाजली.

मी खाली उतरलो आणि तिथंच मातीत बसलो. हातांकडं बघितलं. ते कापून टाकावेत असं मला वाटलं. इतकी वर्षं ज्यासाठी थांबलो ते चार बोटांवर आलं होतं, आणि माझ्याच हातांनी त्या माणसाला वाट दिली. केवळबाईनं लग्नानंतर विचारलं होतं त्याचं उत्तर हे असं निघालं.

सुकलाल माझ्याकडं चालत आला. गुलालानं तोंड लाल, पण खालून पांढरंफटक पडलेलं दिसत होतं. त्याला कळलं होतं. ड्रायव्हर आहे, चाक किती जवळ होतं ते त्याला कळणारच. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"नाना, तू वाट दिधी," तो हळू म्हणाला. "नही ते आज मी मरी जातू."

मी त्याच्याकडं बघितलं. "केवळबाईले चक्कर उनी व्हती का?"

हलगी जोरात चालली होती. आमचं बोलणं दुसऱ्या कोणाला ऐकू जात नव्हतं. त्यानं खाली मातीत बोटानं रेघ ओढली.

"नही."

"मंग?"

"मीच घासी. माले वाटनं, तो हटी."

"ऊठ. माईकवर सांग."

त्यानं माईककडं बघितलं. मग लांब उभ्या असलेल्या त्याच्या जीपकडं बघितलं. परत जाणाऱ्या बाया सावली धरून तिच्याभोवती बसायला लागल्या होत्या.

"नाना," तो म्हणाला, "मंग मना गाडीमा कोन बठी?"

आणि उठला. गुलाल झटकला. माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा तो हसत होता. थोड्या वेळानं त्यानं जीप भरली, हॉर्न मारला आणि गेला.

येताना दिनेश गाडीत सारखं बोलत होता. "नाना, काय वाट दिली तुम्ही! ह्याला म्हणतात ड्रायव्हर. मी म्हटलं नव्हतं, उघड्या चाकाचाच खरा?" मी त्याला म्हटलं, जावईबापू, गप्प बसा. संगीतानं माझ्या हातावर हात ठेवला. मी काढून घेतला. त्या हाताशी मी बोलत नव्हतो.

आता आत्माराम गावभर सांगत फिरतो की नानांचं मन मोठं, नानांनी माफ केलं. लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. सगळं खोटं आहे. मी माफ केलेलं नाही. पुन्हा संधी आली तर पुन्हा हटायचं नाही असंच ठरवीन, आणि हात पुन्हा दगा देतील ते देतील. एवढंच कळलं की त्या मार्गानं माझ्याच्यानं होणार नाही. मला जे येतं ते मला नको आहे, आणि सुकलालला जे येतं ते मला येत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. अक्षर वेडंवाकडं, संगीतानं शुद्ध करून दिलं. एका जागी तिनं म्हटलं, नाना, नाव काढून टाकू का? मी म्हटलं, नावासाठीच तर लिहितोय.

त्यानं माईक घेतला नाही, तर मी घेतो. साक्री-धुळे रस्त्यावर काळी-पिवळी चालवणाऱ्या सुकलालनं नेरच्या अलीकडं गाडीला गाडी घासली. त्याच्या दाराची कडी निघाली. केवळबाईला चक्कर आली नव्हती. ती घरून जेवून निघाली होती, आणि तिनं दांडी धरली होती. हे त्यानं स्वतः माझ्यापुढं कबूल केलं, गुलाल लागलेल्या तोंडानं. तो विचारत होता, गाडीत कोण बसेल. आखाजी दर वर्षी येते, लेकी दर वर्षी निघतात. स्टँडवर त्याची गाडी नंबरला उभी असेल. बसायचं की नाही ते ज्यानं त्यानं बघावं.